कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडची हिरवी स्पायरल : इन्फ्लमेशन, हीलिंग वगैरे, ११० रुपये

आधीच सांगतो की हे काय पुस्तक नाही. लेखक माहीत नाही, कंपनी नाही. आमच्याकडं नर्सिंग कॉलेजच्या गेटसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे, दुकानाला पाटी पण नाही, सगळे नुसतं 'काकांकडं' म्हणतात, तिथं कुठल्यातरी जुन्या बॅचच्या सिनियरनं हातानं लिहिलेल्या नोट्स स्पायरल मारून मिळतात. विषयाला रंग ठरलेले आहेत, फार्माकची पिवळी, मायक्रोची निळी, आणि इन्फ्लमेशन (दाह, म्हणजे इजा झाली की तो भाग सुजून लाल-गरम होणं), हीलिंग (जखम भरून येणं) आणि इन्फ्लमेटरी डिसीजेसची हिरवी. ७२ पानं, पानाला रुपया आणि स्पायरलचे चाळीस म्हणजे ११२ होतात, काका दोन रुपये सोडतात. तर त्या हिरवीचा हा रिव्ह्यू.

मी स्वतः आता विद्यार्थी नाही. सर्जिकल वॉर्डात ब्रदर आहे, अकरा वर्षं झाली. भाची बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे, तिचा फोन आला की मामा ड्युटीवरून येताना काकांकडून हिरवी आण, पॅथॉलॉजीचा पेपर आलाय डोक्यावर. आणली, आणि त्याच रात्री नाईट होती, दोन वाजता वॉर्ड जरा शांत झाल्यावर सहज उघडली तर सकाळी हँडओव्हर द्यायची वेळ झाली तरी सोडवेना. अर्धा वेळ हसत होतो, अर्धा वेळ पेन घेऊन खोडत होतो. भाचीला पोचली तेव्हा तिच्यात माझं अक्षर पण होतं, ती आधी चिडली आणि मग म्हणाली हेच जास्त कळतंय.

पहिली गोष्ट अक्षर. एक नंबर अक्षर आहे, कुणाचं आहे देव जाणे, मुलगी असणार असा माझा अंदाज (भाची म्हणते हा काय अंदाज झाला मामा). मथळे इंग्लिशमध्ये आणि समासात मराठी, बारीक अक्षरात 'इथं मॅडम हमखास थांबतात', 'हे पाठ नको करू, समजून घे', असं. गाईडमध्ये असलं काही मिळत नाही.

आता मुख्य अडचण. मूळ वही तीन-चार रंगांच्या पेनांनी लिहिलेली होती हे कळतं, कारण 'लाल बाण बघ', 'हिरवी पेशी म्हणजे मॅक्रोफेज' (जंतू गिळणारी पेशी) असं जागोजागी लिहिलंय. पण आपल्या हातात येते ती झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात लाल, हिरवं, निळं सगळं एकाच करड्या रंगाचं. पहिल्याच पानावर पायाचं चित्र आहे, घोट्याजवळ सूज, आणि बाण काढून लिहिलंय 'रुबर, किती लाल झालंय बघा'. बघतो तर काळं.

मी हसलो, पण नंतर वाटलं की झेरॉक्सनं चुकून खरंच सांगितलंय की राव! आमच्या वॉर्डात लाल दिसतंच कुठं? आपल्याकडं उन्हात काम करणारी माणसं, ऊसतोडीची, बांधकामावरची, त्यांच्या नडगीवर सेल्युलायटिस (कातडीतलं जंतूंचं इन्फेक्शन) झाला तर तो रंगीत पुस्तकातल्या गोऱ्या पायासारखा टोमॅटोलाल होत नाही. कातडी आजूबाजूपेक्षा गडद होते, कधी जांभळट, चकाकते, ताणल्यासारखी दिसते, लव उभी राहिल्यासारखी वाटते. शिकाऊ पोरं चार्टवर बिनधास्त लिहितात 'नो रेडनेस' आणि पाय मात्र तव्यासारखा तापलेला. म्हणून मी माझ्याकडं पोस्टिंगला येणाऱ्या सगळ्यांना एकच सांगतो, डोळ्यानं नको, हाताच्या उलट्या बाजूनं बघ, आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघ. गरम आहे का, कडक लागतंय का, दाबल्यावर खड्डा राहतो का. हे त्या पानाच्या समासात मी लिहून ठेवलंय.

रुबर, ट्यूमर, कॅलॉर, डोलॉर ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन माणसानं पहिल्या शतकात लिहून ठेवली, लाली, सूज, गरमपणा, दुखणं. पाचवं म्हणजे फंक्शिओ लीसा, तो भाग काम करेनासा होणं, हे नंतर जोडलं गेलं. हिरवीत ते गेलन या जुन्या काळच्या वैद्याच्या नावावर आहे, बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या फिरको या जर्मन डॉक्टरच्या नावावर सापडेल, हा वाद जुना आहे, तुमच्या मॅडम जे सांगतात ते लिहा आणि मार्क घ्या. मला मात्र एक खटकलं की आपल्याकडचं काहीच नाही. सुश्रुतानं सुजेच्या तीन अवस्था सांगितल्यात, आम, पच्यमान, पक्व, म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. आपली आजी 'गळू अजून पिकलं नाही, फोडू नको' म्हणते ते थेट हेच. आणि सर्जन पण दुसरं काय बघतात, दोन बोटं ठेवून आत पातळ हलतंय का, हललं तर चिरा देतात, नाहीतर थांबतात.

पान ९ ते १४ साठी तरी ही हिरवी घ्याच. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, रक्तवाहिनीतून बाहेर कसा पडतो हे त्या सिनियरनं एसटी काढून समजावलंय आणि मी आजवर जेवढं वाचलं त्यात इतकं डोक्यात बसेल असं कुठं मिळालं नाही. नेहमी पांढऱ्या पेशी रक्ताच्या मधल्या धारेतून सुसाट जातात. इजा झाली की रक्तवाहिनी रुंदावते, भिंत गळकी होते, पाणी बाहेर झिरपतं, राहिलेलं रक्त घट्ट होऊन हळू चालतं, आणि गाडी हळू झाली की पेशी कडेला येतात, ते मार्जिनेशन. मग रोलिंग, तिथं सिलेक्टिन (हलकं चिकटवणारं प्रोटीन) म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणं, धरलं, सुटलं, परत धरलं, पक्कं काही नाही. मग इंटेग्रिन (पक्कं चिकटवणारं प्रोटीन), म्हणजे बूड टेकलं, आता उठवून दाखवा. मग ट्रान्समायग्रेशन, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर. आणि केमोटॅक्सिस, स्टँडवर भजी तळायचा वास आला की माणूस बरोबर त्याच दिशेला जातो ना, तसं सी-फाइव्ह-ए, ल्युकोट्रीन बी-फोर या रसायनांचा आणि बॅक्टेरियाचा वास घेत न्यूट्रोफिल जागेवर पोचतो. चित्रात कंडक्टर पण आहे, तो कोण ते मला कळलं नाही.

त्याखाली एक ओळ आहे ती वाचून मी नाईटला खरंच उठून बसलो. ज्या बाळांच्या पेशींत इंटेग्रिन नीट नसतात त्यांची नाळ गळायला महिनाभराच्या वर लागतो, सारखं इन्फेक्शन होतं, आणि जखमेत पू होतच नाही. म्हणजे रक्तात पांढऱ्या पेशी ढिगानं, पण जागेवर एक पोचत नाही, सगळी एसटी फुल आणि उतरणारं कोणी नाही. पू म्हणजे काय, मेलेले न्यूट्रोफिल, मेलेले जंतू आणि सडलेलं टिश्यू, म्हणजे फौज आली आणि लढली याचा पुरावा. हे कळल्यापासून पू बघायची माझी नजर बदलली, वास मात्र तोच येतो.

टायमिंगचं कोष्टक पण चांगलं दिलंय, पहिले ६ ते २४ तास न्यूट्रोफिलचे, २४ ते ४८ तासांत मोनोसाइट येऊन मॅक्रोफेज होतात. मेचनिकॉफची गोष्ट दोन ओळींत उरकलीय, खरं तर ती सांगायला जास्त मजा येते, १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला या माणसानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींनी घेराव घातलेला. त्यावरून फॅगोसायटोसिस, म्हणजे पेशीनं जंतू गिळणं, आणि १९०८ चं नोबेल, एहर्लिखबरोबर वाटून. तुमच्या बोटात बाभळीचा काटा मोडून राहिला की दुसऱ्या दिवशी तिथं ठणकायला लागतं, तेच हे.

ट्रान्स्युडेट-एक्झ्युडेटचं (रक्तवाहिनीतून झिरपलेलं पातळ पाणी आणि सुजेतला दाट द्राव) कोष्टक ठीक आहे, आकडे बरोबर आहेत, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१२ च्या खाली आणि १.०२० च्या वर. लक्षात ठेवायला 'एक्झ्युडेट म्हणजे एक्स्ट्रा प्रोटीन' असं लिहिलंय, चालतंय. पण ड्रेसिंग चार्टवर लिहायचे शब्द, सिरस (पाण्यासारखं), सिरोसँग्विनस (रक्त मिसळलेलं पाणी), प्युरुलंट (पू), हे पोरांना पाठ करवून घेतात आणि पेशंटचे नातेवाईक काय बोलतात ते कुणीच सांगत नाही. नातेवाईकांकडं 'नुसतं पाणी येतंय', 'लस येतेय', 'पू आलाय', 'घाण वास येतोय', इतके वेगवेगळे शब्द आहेत. आजी सांगते काल लस होती आज पू झाला, तिला सिरस माहीत नाही पण रिपोर्टिंग पक्कं आहे. ऐका फक्त.

आता पान ४३. पान ४३ नाही! ४२ नंतर सरळ ४४, आणि ४३ वर काय होतं तर केमिकल मिडिएटर्स (सूज घडवून आणणारी रसायनं), म्हणजे हमखास शॉर्ट नोट. ४४ वर पहिलीच ओळ 'म्हणून ॲस्पिरिन काम करतं' अशी आहे, का करतं ते हरवलेल्या पानावर. मला आधी वाटलं माझ्याच कॉपीत नाही, त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

हीलिंगचा भाग चित्रांत छान आणि वॉर्डच्या कामाला अर्धवट. प्रायमरी इन्टेन्शन (कडा जुळवून शिवलेली जखम), सेकंडरी इन्टेन्शन (उघडी ठेवून आतून भरू दिलेली), चार टप्पे, रक्त थांबणं, सूज, भरून येणं, आणि शेवटचं रिमॉडेलिंग जे महिनोन्महिने चालतं. कोलॅजेन (कातडीला ताकद देणारे धागे) आधी टाइप थ्री, मग त्याजागी टाइप वन. सगळं बरोबर. आणि एक आकडा दिलाय, आठवड्यानंतर टाके काढतो तेव्हा त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण १० टक्के असते, तीन महिन्यांनी ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि शंभर कधीच होत नाही. सिनियरनं हा आकडा बॉक्समध्ये टाकून सोडून दिला, मला वाटतं या सगळ्या वहीतला सगळ्यात महागडा आकडा तोच आहे.

कारण आमच्याकडं सीझनला कोयता लागलेली माणसं येतात. बीडकडून टोळीबरोबर आलेली, नडगीवर नाहीतर डाव्या हाताच्या बोटांवर सपकन बसलेला कोयता. उचल घेतलेली असते, एक दिवस बसलं तरी खाडा लागतो, त्यामुळं टाके काढले की त्याच दुपारी फडात. त्यांच्या हिशोबानं टाके काढले म्हणजे जखम बरी झाली, डॉक्टरनंच काढले ना! आणि चार दिवसांनी तीच जखम उसवून परत दारात. आता मी टाके काढताना सांगतो, भाऊ, शिवण वरनं दिसतीये पण आत दोरा कच्चा आहे, दहातला एक, मोळी उचलली की फाटणार. टक्के सांगून कुणाला कळत नाही, शिवण म्हटलं की बायकोला पहिलं कळतं आणि मग ती त्याला सोडत नाही. आणि कोयत्याची जखम मातीनं भरलेली असली की सर्जन लगेच शिवत नाहीत, धुवून उघडी ठेवून चार-पाच दिवसांनी बंद करतात, ते डिलेड प्रायमरी क्लोजर किंवा टर्शरी इन्टेन्शन. हिरवीत यावर दीड ओळ आहे. दीड!

येताना जखमेत काय काय भरलेलं असतं ते तर विचारू नका, हळद, चुना, तंबाखू, आणि दगडी पाल्याचा रस. दगडी पाल्यावर माझा राग नाही, लहानपणी गुडघा फुटला की आईनं तोच चोळलाय, रक्त थांबायचं. राग मातीवर आहे. टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन झालंय का हे आधी विचारा मग पाल्यावरून बोला.

डाएटवर वहीत एकच ओळ, 'हाय प्रोटीन, व्हिट. सी, झिंक'. परीक्षेत पुरेल, वॉर्डात नाही. कारण वॉर्डात नातेवाईक विचारतात ते वेगळंच. भात दिला तर चालेल का, पू होतो म्हणतात. वांगं? वांग्यानं चिघळतं. आंबट? टाके पिकतात. डाळ? नको, जड पडते. मग राहिलं काय तर भाकरी आणि चहा, आणि पंधरा दिवस जखम जिथल्या तिथं. भातानं पू होत नाही हे त्यांना पटवायचं काम नर्सचंच आहे. आणि आंबटाचं तर उलटं आहे, कोलॅजेनची साखळी घट्ट विणायला प्रोलीन आणि लायसिनला हायड्रॉक्सिल जोडावा लागतो, त्या कामाला व्हिटॅमिन सी लागतंच, ते नसलं की जुना व्रण सुद्धा उसवतो, खलाशांना स्कर्व्हीत तेच व्हायचं. म्हणून पेरू, आवळा, वरून पिळलेलं लिंबू, आणि प्रोटीनला अंडी, मटकी, डाळ, शेंगदाणे. हे सगळं गावात मिळतं, सफरचंद आणि प्रोटीनच्या डब्यावर कर्ज काढायची काय गरज नाही (शुगर, किडनीवाल्याचं डाएट वेगळं, ते डॉक्टरना विचारूनच).

आता चुका, कारण रिव्ह्यू म्हणजे नुसतं कौतुक नाही. पान ३८ वर ड्रेसिंगमध्ये 'रोज हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुणे, फेस येईपर्यंत' असं लिहिलंय. अरे बाबांनो. फेस बघून समाधान होतं हे खरं, पण स्वच्छ लाल दाणेदार मांस वर यायला लागलंय, म्हणजे ग्रॅन्युलेशन, तिथं ते रोज ओतलं तर जे फायब्रोब्लास्ट बिचारे विणकाम करतायत तेच मरतात. भरत आलेल्या जखमेला नॉर्मल सलाइन बास. युसॉलचं पण तेच, एडिंबरा युनिव्हर्सिटी सोल्युशन ऑफ लाइम, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं औषध, सरकारी वॉर्डात अजून बाटली दिसते, सडलेल्या जखमेला सर्जन सांगतील तेवढेच दिवस.

त्याच पानावर 'जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, सुकू द्यावी'. हे वाचून वाटलं सिनियरच्या आजीनं येऊन लिहिलं की काय. जॉर्ज विंटरनं १९६२ मध्येच डुकरांच्या पाठीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम वाळू दिलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं कातडी धरते. खपली म्हणजे नव्या पेशींच्या रस्त्यात टाकलेला दगड, त्यांना खालून खणत जावं लागतं. साठ वर्षं झाली आणि आपण अजून पंख्याखाली जखमा सुकवतोय. ओलसर म्हणजे चिंब नाही हे पण सांगून ठेवतो, कडेची कातडी भिजून पांढरी पडली तर ते पण चुकलंच.

पान ४० वर प्रेशर सोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून पडून होणारी जखम. चार स्टेज दिल्यात, चित्रं सुबक, पण स्टेज वन म्हणजे 'दाबल्यावर पांढरी न होणारी लाली', झेरॉक्समध्ये ती लाली परत काळी, आणि परत माझं पहिलंच तुणतुणं. सावळ्या कातडीवर दाबल्यावर पांढरं झालं का नाही हे दिसतच नाही, त्यामुळं आपल्या पेशंटचा स्टेज वन हुकतो आणि आपल्याला डायरेक्ट सोललेलं स्टेज टू सापडतं, आणि मग सगळे म्हणतात कालपर्यंत काहीच नव्हतं. होतं, हात लावला नव्हता. माकडहाडावर आणि टाचेवर रोज हात फिरवा, बाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत, पेशंट म्हणतोय दुखतंय, यातलं एक जरी असलं तरी ते धरा. वर 'स्पिरिट आणि पावडरनं जोरात मसाज' असं पण लिहिलंय, आम्हाला पण असंच शिकवलं होतं, पण ज्या हाडाच्या उंचवट्यावर कातडी आधीच बिघडलीय तिथं चोळायचं नाही, आतलं टिश्यू आणखी मरतं. रबरी रिंग पण नको. कूस बदला, दर दोन तासांनी, ते कंटाळवाणं आहे म्हणूनच कोणी करत नाही.

केलॉइड आणि हायपरट्रॉफिक स्कार एकच असल्यासारखं लिहिलंय, तसं नाही. हायपरट्रॉफिक फुगतो पण जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुढं बसू पण शकतो, केलॉइड शेजाऱ्याचा बांध कोरतो. कान टोचल्यावर पाळीला बोराएवढी गाठ आलेल्या पोरी बघितल्या असतील, ते केलॉइड, नुसतं कापलं तर बऱ्याचदा परत येतं.

आणि पान ५१, टीबीच्या ग्रॅन्युलोमाच्या (पेशी जमून झालेल्या गाठीच्या) चित्रात 'लँगरहॅन्स जायंट सेल' लिहिलंय. लँगहॅन्स! लँगरहॅन्स वेगळा माणूस, त्याच्या पेशी कातडीत आणि त्याची बेटं पॅनक्रियाजमध्ये. घोड्याच्या नालेसारखी केंद्रकं मांडलेली ती लँगहॅन्सची. व्हायवामध्ये एक्झामिनर याच अक्षराची वाट बघत बसलेले असतात. बाकी ग्रॅन्युलोमाचं चित्र झकास आहे, मधे दह्याच्या चोथ्यासारखं केसिअस नेक्रोसिस, बाजूनं एपिथेलॉइड पेशी, बाहेर लिम्फोसाइटचं कुंपण.

इन्फ्लमेटरी डिसीजेसला मिळालीत फक्त सहा पानं, आणि इथं माझी सगळ्यात मोठी तक्रार. क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दोन आजारांचा फरक कोष्टकात, ठीक, पाठ करा. पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये 'मॉर्निंग स्टिफनेस एक तासाच्या वर, हाताचे लहान सांधे' इतकं लिहून खाली नुसतं 'ट्रीटमेंट : मेथोट्रेक्सेट'. आठवड्यातून एकदा, हे दोन शब्द नाहीत! ही गोळी सांधेवातासाठी आठवड्यातून एकदाच असते आणि चुकून रोज दिली-घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी पडतात, माणूस जातो. डिस्चार्जच्या वेळी वार लिहून द्यावा लागतो, 'दर सोमवारी' असं, आणि कागद वाचता येत नसेल तर बाजाराचा वार सांगायचा, ते विसरत नाहीत. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. मी हे लाल पेननं लिहिलंय, तुमच्या कॉपीत ते नसेल म्हणून इथं लिहितोय.

रुमॅटिक फीव्हर मात्र मनापासून लिहिलंय, वाटतं तिच्या घरात कुणाला तरी असावा. घसा दुखतो, तो स्ट्रेप्टोकॉकस, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा उद्या घोटा, आणि आपली प्रतिकारशक्ती जंतू समजून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर जाते. 'सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो' ही जुनी ओळ पण घेतलीय. समासात लिहिलंय, 'दर २१ दिवसांनी पेनिसिलीन, चुकवू नको'. चुकवू नको, चुकवू नये नाही. कुणाला उद्देशून लिहिलं असेल ते मी बराच वेळ बघत बसलो.

शुगर आणि स्टिरॉइडवर आणखी लिहायला हवं होतं. शुगरवाल्याचा पाय सुजतो, गरम होतो, सडतो, पण डोलॉर गायब, नसा मेलेल्या, त्यामुळं चपलेतला खिळा चार दिवस पायात घेऊन फिरतात आणि 'दुखत नव्हतं ना' म्हणून उशिरा येतात. आणि गावाकडं सांधेदुखीच्या पुड्या खाल्लेले, चेहरा गोल झालेला, त्यांचं उलटं, आत पू भरलाय तरी ताप नाही, सूज नाही, स्टिरॉइडनं सगळी लक्षणं झोपवलेली. अशा पेशंटला पाच लक्षणं मोजत बसलात तर पाचही शून्य येतील आणि पेशंट मात्र सिरियस.

दुकानाबद्दल. काका माणूस भला. 'इन्फ्लमेशन' म्हणलं की वर न बघता हिरवी काढून देतात, सबमिशनच्या आठवड्यात गेलात तर अर्धा तास रांग, लाईट गेली तर तासभर. सुट्टे नसले तरी चालतं, ऑनलाइन पेमेंटचा डबा बोलतो. पानं पुसट आली तर परत काढून देतात, पैसे घेत नाहीत. फक्त टोनर वाचवायची सवय आहे त्यामुळं सकाळी पहिल्या तासात गेलात तर प्रिंट गडद मिळते, हा अनुभव भाचीचा.

स्टार द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. एसटीसाठी दोन, अक्षराला एक, रुमॅटिक फीव्हरला अर्धा. परीक्षेच्या आधी घ्या, टेक्स्टबुक शेजारी ठेवून वाचा, आणि ३८, ४०, ५१ ही पानं माझ्या वरच्या दुरुस्त्या करूनच वाचा.

तर पान ४३. शनिवारी सुट्टी होती, काकांकडं गेलो आणि म्हणलं पान नाहीये. त्यांनी खालच्या कप्प्यातनं मूळ गठ्ठा काढला, रबर लावलेला, कडा फाटलेल्या, आणि त्यात पण ४३ नाही. किती बॅच अशाच पास झाल्या देव जाणे. काका म्हणाले कुणीतरी नेलं असेल, तुम्ही हॉस्पिटलात आहात ना, तुम्हीच लिहून द्या की भाऊ. तिथंच स्टुलावर बसून लिहिलं. हिस्टामिन, मास्ट सेलमधून, मिनिटांत, म्हणून डास चावला की लगेच गांधी येते. ब्रॅडिकायनिन, दुखवतं. प्रोस्टाग्लँडिन ई-टू, ताप आणि दुखणं दोन्ही, आणि ॲस्पिरिन ते बनूच देत नाही, हे जॉन व्हेननं १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ ला नोबेल. पॅरासिटामॉल ताप-दुखणं उतरवतं पण सुजेवर फारसं चालत नाही, सुजेवर डायक्लो चालतं पण पोट आणि किडनी बघून. ल्युकोट्रीन, दम्यात छाती आवळतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-वन, अंग मोडून येतं, भूक जाते, ते यांच्यामुळं. इंटरल्युकिन-सिक्स लिव्हरला निरोप देतं आणि लिव्हर सीआरपी सोडतं, म्हणून सुजेच्या रक्ततपासण्यांत सीआरपी काही तासांत वाढतो आणि ईएसआर आरामात मागनं येतो.

जागा संपली म्हणून कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रोटीनं) खाली आडव्या अक्षरात कोंबलंय. आता तुम्ही हिरवी घेतलीत आणि मधेच एक पान डॉक्टरसारख्या गचाळ अक्षरात दिसलं तर ते माझं आहे.